बोल्टचं माहेर

एकोणनव्वद नंबरची रायफल झपाटलेली आहे, असं आमच्या छावणीत सगळे मानायचे. शिपाई मानायचे, जमादार मानायचे, आणि साहेब तोंडाने नाही म्हणायचे, पण सरावाला ती स्वतः कधी हातात घ्यायचे नाहीत. मी मानत नव्हते. मी आर्मोरर आहे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारी बाई. भुताला मी आधी तेल देऊन बघते, मग स्प्रिंग बदलून बघते, आणि तरी गेलं नाही तर मग त्याचा विचार करते.

माझं नाव वैजयंता मोहिते. कण्हेरवाडीच्या छावणीतली कोत माझ्या ताब्यात आहे. कोत म्हणजे हत्यारांची खोली. जाड भिंती, लोखंडी दार आणि आत ओळीने उभ्या केलेल्या रायफली. तुम्ही म्हणाल, ड्रोनच्या जमान्यात ही जुनी लाकडं कशाला? आम्हीही तेच म्हणत होतो. मग एका उन्हाळ्यात कुणीतरी कुठेतरी बसून अर्ध्या राज्याचं नेटवर्क बंद पाडलं, आणि ड्रोन, कॅमेरे, शहाण्या बंदुका, सगळं जागच्या जागी आडवं झालं. तेव्हा वरून हुकूम आला, की प्रत्येक छावणीत काही हत्यारं बिननेटवर्कची ठेवा. झालं, भंगारात निघालेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली पॉलिश करून, नवे नंबर मारून परत आल्या. या रायफलीचा चाप ओढला की एक गोळी सुटते. तिच्याच गॅसच्या धक्क्याने बोल्ट मागे जातो, जाताना काडतुसाचं रिकामं खोकं ओढून बाहेर फेकतो आणि परत येताना नवी गोळी आत ढकलतो. एवढाच खेळ. पण एवढ्यात कुठे काही अडलं, की हातात नुसतं दांडकं उरतं. त्या अडण्याला आम्ही ‘रोक’ म्हणतो.

एकोणनव्वदला रोक यायची. थंड असताना गुणी बाळासारखी चालायची. जरा तापली, की रिकामं खोकं नळीच्या मागच्या टोकात रुतून बसायचं. मी मॅगझिन बदललं, स्प्रिंगा बदलल्या, खोकं ओढणारा आकडा बदलला, गॅसची भोकं साफ करकरून माझी नखं काळी झाली. बोल्ट आणि नळी यांच्यामधली फट मोजली, तर ती जेमतेम का होईना, मापात होती. ती फट कागदाएवढी असते आणि बोल्ट-नळीची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. एकाचा बोल्ट दुसऱ्याला लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो मला उस्तादांनी शिकवला.

उस्ताद म्हणजे निवृत्ती ढाणे. माझ्या आधी कोत त्यांची होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळी आंघोळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते येतात आणि कोतीबाहेरच्या करंजाखाली बाकावर बसतात. घरी कुणी नाही. मी आत काम करते आणि ते बाहेरून नुसत्या आवाजावरून चुका काढतात. बोल्ट जरा जोरात आपटला, की लगेच, “वैजू, भांडी घासतेस का?” माझं डोकं फिरतं. पण माझ्या वडिलांनी मला जे दिलं नाही ते या माणसाने दिलं, त्यामुळे मी गप्प बसते. म्हणजे शक्यतो.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. रोक कधी आपोआप येत नाही. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर करायचं राहिलेलं असतं. हे वाक्य त्यांनी सगळ्यांना लावलं, आणि स्वतःच्या मुलालाही लावलं.

सुजय त्यांचा एकुलता एक. आमच्याच दलात शिपाई होता, हसरा, थोडा वेंधळा, पोटाला तडस लागेपर्यंत आंबोळ्या खाणारा. एका दसऱ्याच्या सकाळी तुकडीला जंगलाच्या बाजूला तातडीने जावं लागलं. तिथे चकमक झाली, सुजय मागे राहून बाकीच्यांना निघायला वाव देत होता, आणि त्याच्या रायफलीला रोक आली. तो परत आला नाही. रायफल परत आली, नंबर अडुसष्ट. तिच्या नळीत खोकं रुतलेलं होतं आणि आकड्याने त्याची कड फाडलेली होती. खोकं रुतण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मळलेली नळी. चौकशीवाल्या साहेबांनी जाणकार म्हणून कोतीच्या प्रमुखालाच विचारलं, आणि कोतीचा प्रमुख होता मुलाचा बाप. उस्तादांनी सांगितलं, की पोरगा साफसफाईला आळशी होता, नळी मळलेली असणार. त्यांना तसं वाटलं, म्हणून सांगितलं. पोटच्या पोराला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, हेही त्यात होतंच.

त्या एका जबाबाने सुजयचं नाव छावणीतल्या स्मारकावर लागलं नाही. हलगर्जीपणाने गेलेल्याचं नाव लावत नाहीत. कुणी कुणी तर असंही कुजबुजायचं, की तो पळत होता. सुजयची बायको केतकी तेराव्यानंतर उस्तादांचं घर सोडून गेली. गावातल्या दवाखान्यात ती परिचारिका आहे. दर वर्षी स्मारकाच्या दिवशी येते, जिथे नाव नाही त्या कोऱ्या जागेसमोर उभी राहते, आणि करंजाकडे न बघता निघून जाते. उस्तादही तिच्याकडे बघत नाहीत. मी मध्ये उभी असते आणि मला दोघांचा राग येतो.

तर या सगळ्यात यंदा ‘कानोसा’ आला.

पुण्याहून ईशान सबनीस नावाचे एक डॉक्टर तो घेऊन आले. दवाखान्याचे नव्हे, धातूंचे डॉक्टर. माणूस सरळ, बोलणं मुद्द्याचं, आणि चहाला नाही म्हणत नव्हते, म्हणून माझं त्यांच्याशी जमलं. यंत्र दिसायला इस्त्रीएवढं, वायरीने एका पेटीला जोडलेलं. मी विचारलं, हे काय ऐकतं? ते म्हणाले, पोलाद ऐकतं.

मग त्यांनी समजावलं. लोखंडाची पट्टी उत्तर-दक्षिण धरून हातोडीने ठोकली, की ती हलकीशी चुंबक होते. शाळेत करून बघतात तोच प्रयोग. पोलादाच्या आत डोळ्यांना न दिसणारे चुंबकाचे कण असतात. धक्का बसला की ते पृथ्वीच्या चुंबकाकडे जरासे वळतात आणि धातूतल्या बारीकसारीक दोषांना अडकून तिथेच राहतात. रायफलीत तर प्रत्येक गोळी हा एक हातोडाच. म्हणजे प्रत्येक गोळीच्या वेळी नळी कोणत्या दिशेला होती, बोल्ट किती जोरात आपटला, याचा ठसा एकावर एक बसत जातो. आजवर तो वाचता येत नव्हता, आता येतो. आणखी एक गंमत त्यांनी सांगितली. तापलेलं हत्यार निवत असताना धक्के बसले, तर प्रत्येक ठसा जरा कमी तापमानाला उमटतो. त्यावरून दोन धक्क्यांमध्ये किती वेळ गेला हेही काढता येतं. मग पेटी त्या सगळ्याचा आवाज करून ऐकवते. रोक नेमकी कशी आली ते ऐकायचं, म्हणून हे यंत्र.

मी विचारलं, आणि हे पुसलं जात नाही का कधी? ते म्हणाले, शेवटचे धक्के सगळ्यात वर असतात आणि ते कच्चे असतात. त्यावर एक नवी गोळी झाडली, की ते गेले. खाली राहते ती फक्त जुनी सवय. वर्षानुवर्षं ज्या नळीशी बोल्ट आपटला, तिची सवय जात नाही.

“म्हणजे माहेरची बोली,” मी म्हटलं.

ते हसले आणि म्हणाले, हो, तसंच काहीसं.

पहिली अर्थातच एकोणनव्वद लावली. यंत्राने तिची नळी ऐकली, बोल्ट ऐकला आणि पेटीच्या पडद्यावर लिहून आलं, की दोन्ही भाग निरोगी आहेत, पण एकमेकांचे नाहीत. बोल्टवर दोन सवयी होत्या. वर एकोणनव्वदची, आणि खोल तळाशी दुसऱ्याच कुठल्या तरी नळीची. मी म्हटलं, शक्य नाही, बोल्टवर एकोणनव्वद लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, लिहिलेलं मला माहीत नाही, पण याचं माहेर वेगळं आहे. आम्ही कोतीतली एकूण एक नळी ऐकली. बोल्टचं माहेर सापडलं नाही. डॉक्टर कामासाठी पुण्याला गेले आणि यंत्र माझ्याकडे ठेवून गेले. नोंद पक्की करायला आर्मोररचा अंगठा लागतो, अंगठा लावला नाही तर पेटी काही साठवत नाही, एवढं सांगून गेले.

त्याच आठवड्यात केतकी कोतीच्या दाराशी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उस्ताद तेव्हा जेवायला गेले होते, ती वेळ बघूनच आली असणार. स्मारकाचा दगड बदलायचा होता, नवा मोठा दगड आला होता आणि दसरा झाला की पाथरवट सगळी नावं नव्याने कोरायला बसणार होता. ती साहेबांना भेटून आली होती. साहेबांनी सांगितलं होतं, की खंडेनवमीच्या आत काही पुरावा मिळाला तर नाव घालू, एकदा दगड भरला की मग नाही. तिने यंत्राची बातमी वाचली होती. बसली नाही, पाणी घेतलं नाही.

“ताई, माझ्या नवऱ्याची रायफल ऐका,” ती म्हणाली. “आळशी निघाला तर आळशी म्हणा. पण एकदा ऐका.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की कोतीतली एक नळी आम्ही ऐकलीच नव्हती. अडुसष्ट. चौकशीनंतर ती मोहोरबंद पेटीत घालून मागच्या कोपऱ्यात ठेवली होती, तिचा कुणी विचारच करत नव्हतं. खंडेनवमीला प्रत्येक हत्याराला झेंडू मिळतो, त्या पेटीला उस्ताद कधी फूल घालत नसत.

साहेबांची परवानगी घेऊन मी दुपारी मोहोर फोडली. रुतलेलं खोकं चौकशीच्या वेळी काढलेलं होतं, बाकी रायफल तशीच होती. यंत्र लावलं, कानावर हेडफोन चढवला.

आधी गोळ्या ऐकू आल्या. एक, थोडं थांबून एक, नेम धरून मारलेल्या. पडद्यावर दिशा दिसत होती. नळी शेवटपर्यंत पुढेच होती. पळणाऱ्या माणसाची नळी मागे-पुढे होते, हिची झाली नव्हती. मग एका गोळीनंतर बोल्ट अर्धवट आपटला. रोक. आणि त्यानंतर सुरू झाला फौरी इलाज.

फौरी इलाज म्हणजे रोक आली की डोकं न चालवता हाताने करायच्या ठरलेल्या हालचाली. बोल्ट ओढ, आत बघ, सोड, मॅगझिनला थाप मार, पुन्हा ओढून सोड, फैर. शिकवणारे सगळे म्हणतात, चटचट करा. एकटे उस्ताद म्हणायचे, ‘बघ’च्या वेळी एक श्वास थांब. न बघता ओढाओढ केली तर साधी रोक बिकट होते, असं त्यांचं मत. बाकीचे शिकवणारे त्यांना हसायचे. गोळ्या चालू असताना कोण श्वास घेत बसणार?

सुजय थांबत होता. खट्, मग एका श्वासाएवढी शांतता, मग खट् आणि थाप. रोक निघत नव्हती, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. खट्, गप्प, खट्, थाप. पुन्हा. पुन्हा. घाई नाही, गडबड नाही, एकही पायरी चुकलेली नाही. त्या वेंधळ्या पोराचे हात इतके शांत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. शेवटी एक खट् झालं, मग गप्प, आणि त्यानंतर काहीच नव्हतं. मी हेडफोन दाबून धरला, आवाज वाढवला. काहीच नव्हतं. तो बघायला थांबला होता, तेव्हाच त्याला गोळी लागली होती.

मी बराच वेळ रडले. मग नाक पुसलं आणि पडदा वाचला. नळीच्या आत मळाचा मागमूस नव्हता, मळ असता तर खोक्याची घसट वेगळी ऐकू आली असती. आणि बोल्ट नळीचा नव्हता. या बोल्टचं माहेर होतं एकोणनव्वद. एकोणनव्वदमधल्या बोल्टचं माहेर अडुसष्ट. दोघांची अदलाबदल झाली होती. सुजयच्या रायफलीत पडलेली ती फट थंड असताना चालण्याजोगी होती, पण तापल्यावर खोकं फुगून रुतणारच होतं. मग ती नळी चाटूनपुसून साफ केलेली असो, नाहीतर नसो.

पण नंबर? मी बोल्ट हातात घेतला. नंबर इंग्रजी आकड्यांत ठोकलेले. पूर्वी आकड्यांखाली एक रेघ मारायचे, वरची बाजू कोणती ते कळावं म्हणून. भंगारातून परत आणताना घाईत ती रेघ कुणी मारलीच नाही. इंग्रजी अडुसष्ट उलटा धरा, एकोणनव्वद दिसतो. दर तपासणीला आम्ही जो नंबर शोधत होतो तोच आम्हाला सापडत होता.

आणि अदलाबदल कधी झाली, हे शोधायला कुठलंही यंत्र नको होतं. आमच्याकडे पूजेत जिवंत हत्यार ठेवत नाहीत. खंडेनवमीला सगळ्या रायफलींचे बोल्ट काढून पितळेच्या परातीत मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि संध्याकाळी ज्याचा त्याला परत बसवतात. सगळी सरमिसळ, वर हळदकुंकवाचा लेप, चकचकीत गोल बोल्ट, उलटसुलट पडलेले. दुसऱ्या दिवशी दसरा. त्याच सकाळी तुकडी निघाली होती, बसवलेले बोल्ट कुणी चांदमारीवर नेऊन तापवून बघितले नव्हते. आणि परातीतले बोल्ट परत बसवायचा मान कोतीच्या प्रमुखाचा. उस्ताद दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

बापाने पोराच्या रायफलीत स्वतःच्या हाताने दुसऱ्याचा बोल्ट घातला होता. आणि मग त्याच पोराला आळशी ठरवलं होतं.

मी पेटीला अंगठा लावला नाही. केतकीचा चेहरा डोळ्यासमोर होता, आणि बाहेर बाकावर उस्ताद खोकत होते तेही ऐकू येत होतं. सुजयचं नाव दगडावर चढवायचं तर या म्हाताऱ्याला तो दगड छातीवर घ्यावा लागणार होता. तिला काय सांगू, यांना काय सांगू? दोन दिवस मी जेवले नाही. मग मी मनाशी ठरवलं, की मेलेला माणूस मेलाय, जिवंत आहे त्याला जगू दे. केतकीला सांगेन, की यंत्राला काही कळलं नाही. एक गोळी झाडली की वरचे धक्के पुसले, मागाहून बोल्ट गुपचूप बदलले की पुरावा संपला. विचार करताना मला माझीच किळस आली, पण मी ठरवलं.

भर दुपारी अडुसष्ट घेऊन मी चांदमारीवर गेले. चांदमारी म्हणजे आमचं गोळीबाराचं मैदान, दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. बोल्ट चुकीचा, तेव्हा हातात धरून झाडणं धोक्याचं. मी रायफल लाकडी घोडीवर आवळली, चापाला दोरी बांधली, एकच गोळी भरली आणि लांब जाऊन दोरी हातात धरली. नळी माझ्याकडे बघत नव्हती, तरी कुणीतरी बघतंय असं वाटत होतं. मागे वळले तर उस्ताद उभे. एवढ्या उन्हात काठी टेकत चालत आले होते.

त्यांनी घोडीकडे बघितलं, मग दोरीकडे.

“अडुसष्ट ना ही?”

मी हो म्हटलं. त्यांनी शांतपणे विचारलं, की यंत्रात काय ऐकलंस. मला खोटं बोलायचं होतं, पण अर्धं खरं तोंडातून निघून गेलं. मी म्हटलं, सुजयची नळी साफ होती. त्याने इलाज अगदी बरोबर केला, तुम्ही शिकवलात तसा. आणि तो पळत नव्हता, उस्ताद. शेवटपर्यंत पुढे तोंड करून होता.

ते जमिनीवरच बसले. मला वाटलं पडतात की काय. मग म्हणाले, ऐकव. मी नाही म्हटलं. ते पुन्हा म्हणाले, ऐकव. मी गोळी काढून घेतली, कोतीतून यंत्र आणलं आणि त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवला.

ते ऐकत होते आणि त्यांची बोटं मांडीवर हलत होती. ओढ, बघ, सोड, थाप. मुलाच्या बरोबरीने ते इलाज करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न बघितलेलं काहीतरी आलं, आणि मला कळलं की तो अभिमान होता. मग ती शेवटची शांतता आली. बोटं हवेत थांबली. थांबलीच.

“बघायला थांबला,” ते म्हणाले. “मी सांगितलं होतं म्हणून थांबला.”

थोड्या वेळाने त्यांच्यातला जुना उस्ताद परत आला. नळी साफ, हात बरोबर, मग अडली का? मी तयार ठेवलेलं उत्तर दिलं, की गोळ्यांचा लॉट खराब असेल.

“खराब लॉटला दोरी कशाला लागते, वैजू? दोरी बोल्टवर संशय असला तर बांधतात.”

हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी रायफल मागितली. सराईत हाताने बोल्ट काढला. त्यांनी नंबर वाचला, अडुसष्ट. अंगठ्याने बोल्ट सावकाश फिरवला आणि उलट्या बाजूने वाचला. मग ठोकलेल्या नंबराच्या खाचेत नख घातलं. नखावर वाळलेल्या तेलातलं तांबडं आलं. कुंकू. चौकशीवाल्यांनी नळी बघितली होती, खोकं बघितलं होतं, पण त्या खाचेत कुणी नख घातलं नव्हतं. ते त्या नखाकडे बघत बसले. ऊन त्यांच्या डोक्यावर होतं आणि मी माझ्या ओढणीने सावली धरून उभी राहिले, कारण दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग ते म्हणाले, “अंगठा लाव पेटीला. आणि केतकीला बोलाव.”

ती दुसऱ्या दिवशी आली. उस्ताद करंजाखाली उभे होते. सुनेसाठी हा माणूस आयुष्यात कधी उठून उभा राहिला नव्हता. त्यांनी प्रस्तावना केली नाही. सुजयची रायफल स्वच्छ होती, बोल्ट मी चुकीचा बसवला, पूजेच्या दिवशी, माझ्या हाताने, असं सरळ सांगितलं. साहेबांनाही लिहून दिलंय म्हणाले.

मला वाटलं होतं केतकी रडेल, ओरडेल, त्यांच्या अंगावर धावून जाईल. तिने एवढंच विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं? ते म्हणाले, काल.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला खरंच वाटत होतं, की चूक त्यांची?”

“हो.”

“मला वाटायचं, मामंजी, की तुम्हाला सगळं ठाऊक आहे आणि तुम्ही लपवताय. म्हणून मी तुमचा राग करत होते. तुम्हाला माहीतच नव्हतं, हे त्याहून वाईट आहे. आता मी कुणावर रागावू?”

तिने ते ऐकायला मागितलं. उस्ताद नको म्हणाले, मीही नको म्हटलं, पण ती दवाखान्यात रोज मरणं बघणारी बाई, ऐकणार थोडीच. तिने शेवटपर्यंत ऐकलं. रायफल मध्ये मध्ये गप्प का होते, तिने विचारलं. मी उस्तादांकडे बघितलं. ते म्हणाले, तो श्वास घेतोय. केतकीने हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि सगळं पहिल्यापासून ऐकलं, या वेळी डोळे मिटून. मग हेडफोन माझ्या हातात दिला, वाकून सासऱ्याच्या पायाला हात लावला आणि गेली. तिने त्यांना माफ केलं का, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिलाही ते ठाऊक असेल असं वाटत नाही.

सुजयचं नाव दगडावर लागलं. दोन्ही बोल्ट मी आपापल्या घरी पोचवले आणि आकड्यांखाली रेघा कोरल्या. त्या खंडेनवमीपासून आमच्या कोतीत बोल्ट परातीत मांडत नाहीत. रायफलीला लावूनच ठेवतो, कुंकू लाकडाला वाहतो. साहेबांनी विचारलं, परंपरेचं काय? मी म्हटलं, परंपरा मी बघून घेते. सुजय गेल्यानंतर अडुसष्टला यंदा पहिल्यांदा झेंडू मिळाला. उस्ताद आत आले नाहीत. बाहेर बसून होते.

एकोणनव्वद आता कितीही तापली तरी अडत नाही. पोरं म्हणतात भूत उतरलं, आणि मला पेढे मागतात. मी देते. भूत कुठे गेलंय ते मी त्यांना सांगत नाही.

उस्ताद रोज येतात. शर्ट इस्त्रीचा असतो, पण आता ते माझ्या चुका काढत नाहीत. मी मुद्दाम बोल्ट आपटून बघितला, तरी नाही. बाकावर बसतात आणि त्यांची बोटं फळीवर चालू असतात. खट्, मग गप्प, मग खट्, थाप. पुन्हा पहिल्यापासून. फौरी इलाजाची शेवटची पायरी म्हणजे फैर, तिथवर ती बोटं कधी पोचत नाहीत. मधूनच त्या शांततेवर थांबतात आणि इतका वेळ थांबून राहतात, की आत काम करताना माझाही श्वास अडकतो. मग मी हातातलं टाकून चहा घेऊन बाहेर जाते आणि ग्लास त्यांच्या हातात देते. दोन्ही हातांनी ग्लास धरलेला असेपर्यंत बोटं स्वस्थ असतात. म्हणून मी हल्ली त्यांचा चहा खूप गरम करते.